रस्ता अंगवळणी कसा पडतो

वाहतूक नियोजन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "पुस्तकात लिहिलंय की प्रत्येक वाहनचालक कमीत कमी वेळ लागणारा मार्ग निवडतो. मी घरच्यांना, मैत्रिणींना विचारून पाहिलं, कुणीच तसं करत नाही. मग सगळी मॉडेलं या खोट्या गृहीतकावर उभी आहेत का? आणि आता मोबाइलच रस्ता सांगतो म्हटल्यावर ते गृहीतक आपोआप खरं होणार का?"

हे गृहीतक एकेकट्या माणसाला लावलं तर बहुतेक वेळा चुकतं. गर्दीच्या वेळी अख्ख्या शहराला लावलं तर बऱ्यापैकी जमतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात ते उलगडलं, की मोबाइलचं कोडंही निम्मं सुटतं. मी वीसेक वर्षं वाहतुकीची मॉडेलं, म्हणजे कोणत्या रस्त्यावर किती गाड्या येतील याचे संगणकी हिशोब, बांधतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सुरुवात गाडीच्या आतून करू. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सर्व्हेसाठी मी लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून फिरायचो. मांडीवर फॉर्म, हातात स्टॉपवॉच आणि तोंड शक्यतो बंद. त्यातले एक गृहस्थ बारा वर्षं एकाच ऑफिसला जात होते. वाटेत एका चौकात दोन पर्याय होते: सरळ गेलं की बाजारातून, वळलं की नदीकाठाने वळसा. चौकाच्या थोडं अलीकडे रस्ता किंचित चढायचा आणि त्या चढावरून पुढच्या सिग्नलची रांग दिसायची. रांगेचं शेपूट पेट्रोल पंपापर्यंत आलेलं दिसलं की ते वळायचे, नाहीतर सरळ. चढ संपायच्या आत बोट इंडिकेटरवर गेलेलं असायचं, आणि गप्पा मात्र जराही न अडखळता चालू. एकदा मी विचारलं, "दोन रस्त्यांत वेळेचा फरक किती पडतो?" म्हणाले, "कधी मोजला नाही बुवा." त्याच वेळी सरळ गेलेल्या गाड्यांच्या नोंदींशी मी ताडून पाहिलं, तर रांग असलेल्या दिवशीसुद्धा वळशाला दोनेक मिनिटं जास्तच लागत होती. तसं सांगितल्यावर हसले. "लागत असतील. पण तिकडे गाडी चालत राहते."

"गाडी चालत राहते" याला आमच्या धंद्यात फार किंमत आहे. माणूस सगळी मिनिटं एका भावाने मोजत नाही. चालत्या गाडीतली पाच मिनिटं त्याला पाचच वाटतात, लाल दिव्यापुढची पाच मिनिटं मात्र अंगावर येतात. म्हणून मॉडेलमध्ये आम्ही नुसता वेळ घालत नाही. वेळ, इंधन, टोल, आणि वर थांबण्याचा नि वळण्याचा दंड, असा सगळा मिळून एक खर्च धरतो. त्यात सगळ्यात महाग पडतं ते समोरून येणारी वाहतूक कापून घ्यायचं वळण. यूपीएस या पार्सल कंपनीचं उदाहरण यासाठीच प्रसिद्ध आहे. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि तिथे ही कंपनी आपल्या गाड्यांचे मार्ग आखताना डावं वळण शक्य तितकं टाळते. अंतर थोडं वाढलं तरी चालेल, पण समोरच्या रांगेत फट मिळेपर्यंत इंजिन चालू ठेवून ताटकळणं नको. नवखा चालक तर असं एक अवघड वळण चुकवायला तीन सोपी वळणं घेऊन अख्खा चौकोन पुरा करतो. त्याला वेड्यात काढू नका, त्याचा हिशोब बरोबर आहे. फक्त तो मिनिटांत मांडलेला नाही.

दुसरी गोष्ट भरवशाची. समजा एका रस्त्याने रोज ठरलेली ३० मिनिटं लागतात. दुसऱ्याने आठवड्यातले चार दिवस २२ आणि एक दिवस ५०, आणि तो एक दिवस कोणता ते आधी कळत नाही. सरासरी काढली तर दुसरा रस्ता २७.६ मिनिटांचा, म्हणजे सरस. पण ज्याला दहाच्या ठोक्याला हजेरी लावायची आहे त्याने करायचं काय? दुसरा रस्ता धरला तर रोजच ५० मिनिटं आधी निघावं लागेल आणि चार दिवस दारात अठ्ठावीस मिनिटं उभं राहावं लागेल. तो मुकाट्याने तीस मिनिटांचा रस्ता धरतो. त्याच घरातली, सिनेमाला निघालेली मुलगी दुसरा धरते. निघायचं ठिकाण तेच, जायचा भाग तोच, तरी दोघांचे रस्ते वेगळे, आणि दोघंही आपापल्या जागी शहाणे.

वाहनाप्रमाणेही फरक पडतो, पण त्यात फार खोल जाण्यासारखं काही नाही. ट्रकवाल्याला उंची, वजन आणि प्रवेशबंदीच्या वेळा पाहूनच चालावं लागतं, त्याला निवड अशी थोडीच उरते. दुचाकीला रांगेच्या कडेने पुढे सरकता येत असल्याने कोंडीची तितकी धास्ती नसते, मात्र खड्डे आणि भरधाव वाहतूक नको असते. टॅक्सीवाल्याच्या मनात पोचवण्याइतकंच पुढचं भाडं कुठे मिळेल हेही घोळत असतं.

आता डोक्यातल्या नकाशाकडे येऊ, कारण पुस्तकी गृहीतकाला खरा सुरुंग तिथे लागतो. कमीत कमी अंतराचा मार्ग शोधण्याची जी रीत संगणक वापरतात ती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. त्या रीतीत एकेका चौकापर्यंतचं अंतर पद्धतशीर तपासत पुढे सरकायचं असतं. माणसाच्या डोक्यात हे होत नाही. केविन लिंच यांनी १९६० मध्येच मांडलं होतं की शहर आपल्या मनात वाटा, कडा, भाग, चौक आणि खुणेच्या जागा अशा तुकड्यांनी साठवलेलं असतं. आपण रस्ता ठरवतो तोही या तुकड्यांनीच: आधी पुलापर्यंत जाऊ, मग मोठ्या चौकापर्यंत, पुढचं पुढे. एड मॅनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या मिनिकॅबच्या, म्हणजे भाड्याच्या खासगी टॅक्सींच्या, सुमारे ७ लाख फेऱ्या तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला तो याच अंगाचा. सर्वात जवळच्या मार्गाचं गृहीतक त्या फेऱ्यांना नीट लागू पडत नव्हतं. ओळखीच्या ठरावीक ठिकाणांना धरून पुढे सरकायचं, या धर्तीवर पाहिलं तर त्यांचे मार्ग जास्त चांगले उलगडत होते. आणि ही पोटासाठी रोज गाडी हाकणारी माणसं होती, हौशी नव्हेत.

तुकड्यातुकड्यांनी विचार करण्याचे मजेशीर परिणाम होतात. तुमच्याही घरी कुणीतरी जाताना एका रस्त्याने जात असेल आणि येताना दुसऱ्या. एकेरी वाहतूक नसतानाही. कागदी नकाशांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे की सुरुवातीचा टप्पा लांब आणि सरळ असलेला मार्ग लोकांना आवडतो, पुढे तो कितीही वाकडा होवो. आता एकच मार्ग उलट्या टोकाकडून पाहा: त्याचा वाकडा भाग सुरुवातीला येतो आणि तो मनातून उतरतो. २०१० च्या आणखी एका अभ्यासात तर दोन सारख्याच मार्गांपैकी लोकांचा कल दक्षिणेकडून जाणाऱ्या मार्गाकडे दिसला. नकाशात उत्तर वर असते, आणि वर म्हणजे चढ, अशी मनाची समजूत. रस्ता सपाट असला म्हणून काय झालं!

आणि एकदा रस्ता ठरला की तो अंगवळणी पडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खासगी गाड्यांच्या १८ महिन्यांतल्या ९२,४१९ जीपीएस नोंदी तपासल्या होत्या. नेहमीच्या प्रवासाला बहुतेक जण मोजकेच मार्ग वापरत होते, त्यातलाही एक लाडका. यातले बरेचसे मार्ग वेळेच्या हिशोबात सर्वोत्तम नव्हते. मात्र लोक भरकटतही नव्हते. निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण ही दोन टोकं धरून एक निमुळतं लंबवर्तुळ आखलं, तर बहुतेक मार्ग त्याच्या आतच बसत होते. मला हा निष्कर्ष फार आवडतो. माणूस सर्वोत्तमाच्या मागे लागत नाही, पण फार वाकड्यातही शिरत नाही. हर्बर्ट सायमन यांनी अर्थशास्त्रात हेच सांगितलं होतं: पुरेसं बरं सापडलं की माणूस शोध थांबवतो.

शोध पुन्हा सुरू होतो तो अडचण आली की. २०१४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या भुयारी रेल्वेचा संप झाला, तेव्हा काही स्थानकं बंद आणि काही चालू अशी स्थिती होती. संशोधकांनी प्रवाशांच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की नाइलाजाने वेगळ्या वाटेने गेलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के लोक संप मिटल्यावरही त्याच नव्या वाटेवर राहिले. म्हणजे इतके दिवस ते रोज गैरसोयीच्या वाटेने जात होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. हे रेल्वेचं उदाहरण आहे, पण रस्त्याचं काम निघाल्यावर मी गाड्यांच्या बाबतीत नेमकं हेच पाहिलं आहे. काम संपून रस्ता खुला होतो, पण सगळी वाहतूक कधी परत येत नाही.

इतकं सगळं असताना जुनं गृहीतक चालतं कसं? जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप या ब्रिटिश अभ्यासकाने १९५२ मध्ये ते नेमकेपणाने मांडलं: समतोल अवस्थेत वापरात असलेल्या सगळ्या मार्गांना सारखाच वेळ लागतो, आणि न वापरलेल्या मार्गांना त्याहून कमी लागत नाही. टोलनाक्यावरच्या रांगा आठवा. सात-आठ रांगा असतात आणि सगळ्या साधारण सारख्या लांबीच्या. म्हणून काय प्रत्येक गाडीवाला रांगा मोजून उभा राहिलेला असतो? बहुतेक जण समोर दिसेल त्या रांगेत शिरतात. मागून येणारे थोडे चलाख लोक आखूड रांग हेरतात आणि तेवढ्याने सगळ्या रांगा सारख्या होतात. शहरातही तेच घडतं. सवयीचे गडी आपापल्या रस्त्याला चिकटून असतात आणि काठावरचे थोडे इकडचे तिकडे होऊन हिशोब जुळवतात.

थोड्यांनी काय होणार, असं वाटेल. त्यासाठी एक सूत्र पाहा. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ पब्लिक रोड्सने १९६४ मध्ये दिलेलं, आणि आजही जगभर वापरात असलेलं. रस्त्यावरच्या गाड्यांना रस्त्याच्या क्षमतेने भागायचं, येईल त्याचा चौथा घात करायचा, ०.१५ ने गुणायचं, आणि मोकळ्या रस्त्यावर लागणाऱ्या वेळेत तितक्या पटीने भर टाकायची. गाड्या क्षमतेइतक्या असतील तर वेळ १५ टक्के वाढतो. दीडपट झाल्या तर ७६ टक्के. दुप्पट झाल्या तर मूळ वेळेच्या ३.४ पट लागतो. सूत्र ओबडधोबड आहे, तुंबलेल्या रांगेचं वर्णन त्यातून नीट होत नाही, पण त्याचा आकार खरा आहे. कोंडीच्या काठावर असलेल्या रस्त्यावरून थोड्या गाड्या कमी झाल्या की उरलेल्यांना मोठा फरक पडतो. म्हणूनच गर्दीच्या वेळी वॉर्ड्रॉप जमतो. दुपारी रस्ते मोकळे असताना चुकीचा रस्ता घेतल्याची शिक्षाच होत नाही, मग सवय आणि आवड यांचं राज्य चालतं आणि मॉडेल साफ आपटतं.

पण समतोल साधला म्हणजे सगळ्यांचं भलं झालं, असं मुळीच नाही. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवलेला विरोधाभास तुम्ही अभ्यासात पाहिलाच असेल. सगळीकडे दिला जाणारा हिशोब असा: ४,००० गाड्या, जायला दोन मार्ग. प्रत्येक मार्गात एक अरुंद तुकडा, त्याला लागणारी मिनिटं म्हणजे गाड्या भागिले १००, आणि एक रुंद तुकडा, त्याला कायम ४५ मिनिटं. एका मार्गात अरुंद तुकडा आधी येतो, दुसऱ्यात नंतर. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात आणि प्रत्येकाला २० अधिक ४५, म्हणजे ६५ मिनिटं लागतात. आता मधोमध, दोन्ही अरुंद तुकडे जोडणारा, वेळच न लागणारा जोडरस्ता बांधा. प्रत्येकाला वाटतं, दोन्ही अरुंद तुकडे घेऊन सुटावं. सगळेच तसं करतात, प्रत्येक तुकड्याला ४० मिनिटं लागतात, एकूण ८०. एकट्याने जुन्या मार्गाला परतावं तर ८५. त्यामुळे कुणीच परतत नाही. रस्ता बांधला आणि प्रत्येकाची पंधरा मिनिटं गेली.

वर्गात इथे थांबतात, पण हिशोब पुढे न्या. तो जोडरस्ता फक्त ५०० गाड्यांना खुला ठेवला तर त्या ४५ मिनिटांत पोचतात, बाकीच्या ३,५०० ना ६७.५ लागतात, आणि सगळ्यांची सरासरी ६४.७ होते. म्हणजे मूळ ६५ पेक्षाही किंचित कमी. वॉर्ड्रॉपचं दुसरं तत्त्व याच अवस्थेबद्दल आहे: सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी. अडचण एवढीच, की त्या भाग्यवान ५०० गाड्या कुणाच्या? मला विचाराल तर तिथून बस सोडाव्यात.

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये २००३ पासून एक उन्नत द्रुतगती रस्ता पाडून त्याखालचा चोंग्येचॉन हा ओढा २००५ पर्यंत खुला केला, आणि वाहतूक ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही. याला ब्रेसचा पुरावा म्हणून सर्रास दाखवतात. मी तसं म्हणायला कचरतो. २००४ मध्ये त्या शहराने बससेवा मुळापासून बदलली होती. कुणी रस्ता बदलला, कुणी गाडीच घरी ठेवली, हे त्यातून वेगळं काढणं सोपं नाही. तुम्हीही प्रबंधात ते उदाहरण जपून वापरा.

आता मोबाइल. त्याने दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे काठावरच्या चलाख लोकांची संख्या वाढली, कारण चलाखी आता खिशात मिळते. दुसरी, चढावर न जाताच पुढच्या सिग्नलची रांग दिसायला लागली. त्यामुळे वॉर्ड्रॉपचं पहिलं तत्त्व, म्हणजे वापरातल्या सगळ्या मार्गांना सारखा वेळ, पूर्वीपेक्षा लवकर जुळून येतं. पण लक्षात घ्या, ते तत्त्व म्हणजे ब्रेसची ८० मिनिटंसुद्धा. ॲप प्रत्येकाला त्याचा स्वतःचा फायदा सांगतं, आणि त्यातून शहराचं नुकसान होऊ शकतं. किती, यालाही एक मर्यादा सिद्ध झाली आहे: टिम रफगार्डन आणि एव्हा टार्डोस यांनी २००२ मध्ये दाखवलं की गाड्यांच्या प्रमाणात सरळ रेषेत वेळ वाढत असेल, तर स्वार्थी समतोलातला एकूण वेळ सर्वोत्तम स्थितीच्या चार तृतीयांशपेक्षा जास्त होत नाही. खऱ्या रस्त्यांवर वेळ सरळ रेषेत वाढत नाही, हे वर पाहिलंच.

शिवाय ॲपला वळणांचा कंटाळा नसतो. एका मिनिटासाठी ते सात वळणं आणि तीन आडरस्ते सांगतं. न्यू जर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावातून पुलाकडे जाणारी परगावची वाहतूक ॲपच्या सांगण्यावरून इतकी घुसू लागली, की जानेवारी २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या तासांत सुमारे ६० रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद केले. आणि ॲपला जे दिसतं ते फोन, गाड्या नव्हेत. सायमन व्हेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये हातगाडीत ९९ फोन भरून ती रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेली, आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला.

माझा अनुभव विचाराल, तर ओळखीच्या भागात बहुतेक लोक ॲप लावतात ते कधी पोचणार हे पाहायला. रस्ता आपलाच धरतात. अनोळखी भागात मात्र डोळे झाकून ऐकतात, आणि मग तो भाग त्यांच्या डोक्यात कधी उतरतच नाही.

तुमच्या प्रकल्पाबद्दल थोडं. गर्दीच्या तासासाठी वॉर्ड्रॉपचा समतोल खुशाल वापरा. दुपारसाठी डॅगान्झो आणि शेफी यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत बघा. तिच्यात चालक त्याला जो कमी वेळाचा *वाटतो* तो मार्ग घेतो, म्हणजे समजुतीतल्या चुकीला जागा ठेवलेली आहे. सर्व्हेत "तुम्ही कोणता रस्ता घेता?" असं विचारू नका, लोक आपला आवडता रस्ता सांगून मोकळे होतात. "काल सकाळी कोणत्या रस्त्याने गेलात?" असं विचारा.

आणि मॉडेलचे आकडे आले की एकदा जागेवर जाऊन उभ्या राहा. माझ्या एका मॉडेलने एका शाळेमागच्या गल्लीतून सकाळी तासाला चारशे गाड्या काढल्या होत्या. नकाशात गल्ली सरळ, वेग ताशी ३० किमी धरलेला, सगळं रीतसर. प्रत्यक्षात मोजल्या तर साठसुद्धा भरेनात. पावणेआठला तिथे दोन्ही बाजूंना शाळेच्या गाड्या लागत आणि मधून जेमतेम एक गाडी जाई. समोरून दुसरी आली की एकाला मागे घ्यावं लागायचं. एकदा तसं मागे घ्यावं लागलेला माणूस पुन्हा त्या गल्लीच्या वाटेला जात नसे. मी त्या गल्लीचा सकाळचा वेग ताशी ८ किमी केला, आणि मॉडेलमधल्या गाड्या निमूटपणे मोठ्या रस्त्यावर परतल्या.